अज्ञात वाहन

मी आजवर माझ्या गाडीखाली कुणालाही घेतलेलं नाही. साधी कोंबडीसुद्धा नाही. हे वाक्य लिहून झालं आणि माझा हात थांबला, खोटं कशाला सांगू. आतून कुणीतरी विचारलं, 'नक्की का?' त्याला उत्तर न देता मी पुढची ओळ लिहायला घेतली. एवढं जमायला मला सहा वर्षं लागली.

मी नेवासा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमचं घर घोडेगावच्या अलीकडे एका वस्तीवर. शाळा नऊ किलोमीटरवर, आणि मी स्कूटीवर जाते. माझ्या लेकीचं हायस्कूल माझ्या शाळेच्या भिंतीला लागून, त्यामुळे ती पाचवीत गेल्यापासून रोज माझ्या मागे बसून यायची. वाटेत एक फाटा लागतो. फाट्यावर एक रसवंती आहे, आणि तिथून पुढचा रस्ता उसाचा. दिवाळी झाली की कारखाने सुरू होतात. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर जोडून ऊस चाललेला असतो. त्यातून कांडकी रस्त्यावर गळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली चेचली जातात. कचकन आवाज येतो, चाक जरासं उडतं आणि गाडी पुढे जाते. आमच्या भागात याकडे कुणी लक्षही देत नाही.

मीही देत नव्हते. मग एका सकाळी तसंच कचकन झालं आणि डोक्यात आलं, ऊसच होता ना? मघाशी कडेनं एक म्हातारी चालली होती, डोक्यावर वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची मोळी घेऊन. मी आरशात बघितलं, म्हातारी दिसेना. मी लेकीला म्हणाले, "मागे बघ गं जरा." ती म्हणाली, "काही नाही आई." तरी मी गाडी वळवली. म्हातारी रस्त्याच्या खाली उतरून मोळी सारखी करत होती. मला बघून म्हणाली, "काय गं बाई, काय पडलं का तुझं?" माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

घात त्या हलकं वाटण्यानंच केला, पण हे तेव्हा कुणाला कळतंय!

दुसऱ्या दिवशी पुन्हा कचकन, पुन्हा वळले. मग रोज. मग एकाच फेरीत दोनदा. वळून बघितलं की मोकळं वाटायचं, आणि शंभर पावलं पुढे गेले की नवीन शंका: मी नीट बघितलं का? कडेच्या चारीत बघितलं का? चारी म्हणजे शेतात पाणी नेणारा पाट. त्यात कुणी पडलं असलं तर वरून दिसणार नाही. मग मी गाडी उभी करून चारीत वाकून बघायची. लेक गाडीजवळ दप्तर धरून उभी असायची आणि म्हणायची, "आई, घंटा झाली असेल."

फाट्यावरच्या रसवंतीवाल्यानं हे सगळं बघितलं होतं. एकदा त्यानंच मला थांबवलं. "बाई, तिसऱ्यांदा इकडनं गेल्या तुमी. काय हरवलंय काय?" मी लाज सोडून विचारलं, "भाऊ, पुढं रस्त्यावर कुणाला काही लागल्याचं कानावर आलं का?" तो म्हणाला, "कोनाला काय लागतंय? समदे डायवर हितंच रस प्यायला थांबत्यात. काय झालं असतं तर पयलं मला कळलं असतं." झालं, मला देवच भेटला! तेव्हापासून संध्याकाळी मी परत येताना तो खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढून वर हलवायचा. म्हणजे आज कुठं काही झालं नाही. त्यासाठी तो दिवसभर ट्रॅक्टरवाल्यांकडे चौकशी करायचा. एवढा भला माणूस मी दुसरा बघितला नाही. त्याच्या टॉवेलवर मी तीन हंगाम काढले. तो एखाद्या दिवशी दुकानात नसला की मात्र मला घास उतरायचा नाही.

सकाळी पेपर आला की मी आधी जिल्ह्याचं पान उघडायची. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत एकाचा मृत्यू.' ही बातमी आमच्याकडे दर दोन-चार दिवसांनी असतेच. घटना अकोले तालुक्यातल्या घाटातली असायची, जिथं मी जन्मात गाडी घेऊन गेले नाही. तरी मला वाटायचं, ते अज्ञात वाहन म्हणजे मीच. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणायचे, मनातल्या मनात पापं कबूल करा. बाकीच्या बाया काय कबूल करत होत्या देव जाणे. मी म्हणायची, "प्रभू, मी कुणाला मारलं असेल तर क्षमा कर." त्या 'असेल तर'नं मला पोखरून काढलं होतं. खरंच मारलं असतं तर निदान पोलीस स्टेशनात जाऊन बसता आलं असतं.

घरात मी आधीच तापट. त्यात हे. नवरा दूध शीतकरण केंद्रात कामाला, सरळ माणूस. सुरुवातीला तो हसायचा. मग चिडायला लागला. मग गप्प झाला, आणि त्याचं गप्प होणं मला जास्त लागलं. शेजारणी म्हणायच्या, हिला थंडी बाधते, दरवर्षी दिवाळीनंतर अशीच सुकते. मलाही ते पटायचं. पावसाळ्यात मी बरीच बरी असायची ना! रस्त्यावर ऊस नसतो म्हणून बरी असते, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

लेक नववीत असताना डिसेंबरात चाचणी परीक्षेचा पेपर होता. त्या सकाळी मी तीनदा गाडी वळवली. ती आधी "काही नाही आई" म्हणत होती, मग "आई, पेपर आहे" म्हणाली, मग रडायला लागली. आम्ही पोचलो तेव्हा पेपर सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली होती. संध्याकाळी नवऱ्यानं स्कूटीची किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी दहावी आहे. पोरीचं वाटोळं करणारेस का?" मी भांडले, ताट आपटलं, नको ते बोलले. आणि आत जाऊन रडले, कारण तो बोलला त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

नगरला एक मानसोपचाराच्या डॉक्टरीण बाई आहेत, त्यांच्याकडे त्यानंच नेलं. मी आत जाऊन सांगितलं, "मला वेड लागलंय." त्या म्हणाल्या, "वेड लागलेला माणूस असं सांगत नाही. बसा." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वाईट विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतात. गॅस चालू राहिला का, कुलूप लावलं का, कुणाला धक्का लागला का. बाकीचे तो विचार तसाच सोडून देतात. तुम्ही त्याला दरवेळी उत्तर देता. उत्तर मिळालं की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला येतो. खरूज खाजवण्यासारखं आहे हे."

गोळ्या दिल्या, त्या मी घेतल्या. पण खरं औषध कडू होतं. गाडी वळवायची नाही. चारीत बघायचं नाही. पेपरातलं ते पान वाचायचं नाही. आणि कुणालाही 'काही झालं नाही ना' असं विचारायचं नाही. विचारलंच, तर घरच्यांनी 'काही नाही' म्हणायचं नाही, 'माहीत नाही' म्हणायचं. मी म्हणाले, "बाई, आणि खरंच कुणी पडलेलं असलं तर?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही." मला त्यांचा असा राग आला म्हणता!

रसवंतीवाल्याला सांगायला गेले तेव्हा त्याचं तोंडच उतरलं. "म्या काय वाईट केलं का बाई?" मी म्हणाले, "नाही हो भाऊ, फार चांगलं केलंत, तेच नडलं." त्याला काही ते पटलं नाही. पण पुढे किल्ली परत मिळाल्यावर माझी स्कूटी दिसली की तो मान अशी गर्रकन उसाच्या चरकाकडे फिरवायचा, की त्याची मान मुरगळेल याचीच मला काळजी लागली.

किल्ली परत मिळायला वर्ष गेलं. कचकन झालं की छाती धडधडायची, हात घामानं निसटायचे, आणि मी दात आवळून पुढे जायची. मागून लेक शिकवल्यासारखं म्हणायची, "माहीत नाही, आई." दहा मिनिटं जीव नको व्हायचा, आणि मग ते आपोआप ओसरायचं. हे ओसरतं, हेच मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

तरीही दहावीच्या पेपरांना लेकीला मी न्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं. केंद्र फाट्यावरून डावीकडे चौदा किलोमीटरवर. अकराचा पेपर, साडेदहाच्या आत गेटमध्ये. पहिल्या दोन पेपरांना नवऱ्यानं मोटरसायकलवर नेलं. गणिताच्या आदल्या दिवशी त्याला ताप भरला, सकाळी उठून उभं राहता येईना. तो म्हणाला, "कुणाची तरी जीप बघतो." लेक पॅड आणि हॉलतिकीट घेऊन दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कशाला? आई सोडेल की." मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, बुटाची लेस बांधायला वाकली. सव्वानऊला आम्ही निघालो.

नेमका घोडेगावचा बाजार. म्हशी भरलेले टेम्पो समोरून एकामागं एक, आणि आमच्या पुढे उसाचा डबल ट्रेलर. ओलांडून जायला जागा नाही. दहा वाजले तरी निम्मं अंतर झालं नव्हतं. शेवटी एका वळणावर ट्रेलर जरा कडेला झाला, तशी मी गाडी पुढे काढली. डाव्या अंगाला एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. त्याच्या बाजूनं गाडी गेली आणि मागच्या चाकाखाली कचकन झालं.

आरशात ट्रेलरचं धूड, बाकी काही नाही. मनात म्हणाले, 'माहीत नाही. माहीत नाही. माहीत नाही.' हँडल घट्ट धरलं. एक किलोमीटर गेला असेल. मला वाटलं, जमलं बाई.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आई, थांब."

"काय झालं? हॉलतिकीट राहिलं का?"

"ते काका होते ना कडेला, सायकलवाले. ते आता दिसत नाहीयेत."

म्हातारी दिसत नाहीये, असं मीही पहिल्या दिवशी मनात म्हणाले होते. पण ते आठवायच्या आधी डोक्यात जे आलं ते सांगायलाच हवं. मला एकटीला वाटलं तर तो आजार. दोघींना वाटलं तर? आता तर साक्षीदार होता. डाव्या हाताला गाडी वळवण्याएवढी जागाही होती. मी वेग कमी केला. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालेली. मागे जाऊन त्या ट्रेलरच्या रांगेतून परत यायचं म्हणजे गणिताचा पेपर गेला.

"आई, वळव ना! मेले असतील तर?"

असेल तर. रविवारचं माझं 'असेल तर' माझ्या पोरीच्या तोंडात. तेव्हा मला कळलं की ही शंका त्या वळणावरची नाही, ही माझ्या घरातली आहे.

मी वेग वाढवला.

"आई! काही झालं नाही ना? सांग ना! तुला माहितीये ना?"

मला सांगता आलं असतं. सायकलसकट माणूस चाकाखाली आला असता तर आपण दोघी रस्त्यावर लोळलो असतो, हे अगदी साधं उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते दिलं असतं तर ती लगेच शांत झाली असती. चार वर्षं तिनं मला तेच तर दिलं होतं. मी ओरडले, "माहीत नाही!"

तिनं माझ्या पाठीत बुक्की मारली. "तू घाण आहेस!" ती रडत होती. "तुला काय! तू विचारायचीस आणि मोकळी व्हायचीस. बघायला कोण लागायचं? मीच ना? मी दरवेळी खरंच बघायचे. सहावीत असताना एकदा कंटाळून न बघताच काही नाही म्हणाले होते. मग तुझ्या आधी उठून मी पेपर बघायचे. आठ दिवस बघितला."

मला समोरचा रस्ता नीट दिसेना. दहा-अकरा वर्षांच्या पोरीला मी रोज मागे बसवून या रस्त्यावरच्या सगळ्या माणसांच्या जिवाची राखण करायला लावली होती, आणि वर म्हणायची, माझी लेक किती समजूतदार! थांबून तिला पोटाशी धरावं असं फार वाटत होतं. थांबले असते तर आम्ही मागेच गेलो असतो. म्हणून गाडी चालवत राहिले आणि तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलत राहिले. "पोरी, भीती वाटतेय ना? मलाही वाटतेय. आत्ता फार वाटतेय. दहा मिनिटांनी कमी होईल. वळायचं नाही. माझी चूक झाली. तुझं हे काम नव्हतं. वळायचं नाही." म्हशींच्या टेम्पोतला एक जण आमच्याकडे बघतच राहिला. बघू दे.

दहा पंचविसाला गेटवर पोचलो. तिचं तोंड रडून सुजलं होतं. मी ओढणीनं पुसलं. "जमेल का लिहायला?" ती म्हणाली, "माहीत नाही." आणि आत गेली.

आता परीक्षा माझी. परत गेले असते तर ते वळण लागलं असतं, आणि माझा माझ्यावर भरवसा नव्हता. गेटबाहेर झाडाखाली एका मुलाची आई बसली होती. मी स्कूटीची किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, पेपर सुटेपर्यंत मी मागितली तरी देऊ नका." तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि किल्ली पिशवीत टाकली. मी दोनदा मागितली. दुसऱ्यांदा तर शाळेत महत्त्वाचं काम आहे अशी थापही मारली. त्या माउलीनं काही दिली नाही.

पेपर सुटला आणि लेक बाहेर आली. मी विचारलं, "कसा गेला?" म्हणाली, "पहिला अर्धा तास काही सुचलं नाही. मग ओसरलं. शेवटचं गणित मी एकदाच तपासलं."

"एकदाच? अगं, गणित आहे ते, दोनदा तरी तपासायचं!" माझ्यातली मास्तरीण बोलून गेली.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आधी तिला हसू फुटलं, मग मला. किल्ली सांभाळणारी बाई लगबगीनं पोराला घेऊन निघून गेली.

परतीच्या वाटेवर ते वळण आलं. ट्रेलर गेले होते, रस्ता मोकळा होता. मागून तिनं माझी ओढणी मुठीत धरली. चाकाखाली कांडकं आलं, कचकन झालं, आणि आम्ही पुढे आलो. फाट्यावर रसवंतीवाल्यानं आम्हाला बघितलं आणि मान चरकाकडे फिरवली.

परीक्षा संपल्यावर नगरला माझी तपासणी होती. लेकीला बरोबर घेतलं. तिला वाटलं, माझ्या सोबतीला. बाईंनी आतून माझं नाव पुकारलं तेव्हा मी तिला उठवलं आणि म्हणाले, "आज तू जा. सगळं सांग. माझ्याबद्दलही सांग, मी रागावणार नाही." ती आत गेली आणि दार लागलं.

मी बाहेरच्या बाकावर बसले. अर्धा तास होऊन गेला. आत ती काय सांगत होती, माहीत नाही. दोनदा उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले.